कप्तानाच्या पेटाऱ्यातले शेवटचे वाक्य

विटेनझील बंदरात गेशे टामेनला चेहऱ्याने ओळखणारे पुष्कळ होते. सकाळी मासळीबाजारात ईल माशाच्या ताजेपणावरून कोळणींशी हुज्जत घालणारी ती ठेंगणी बाई कोणाला चुकत नसे. तिचे खरे कसब मात्र गावाने कधी ऐकले नव्हते, आणि न ऐकले जाणे हेच ते कसब होते. तिचा आवाज रंगमंचावरच्या सहा माणसांना पोचावा आणि प्रेक्षागृहातल्या तीनशे माणसांना पोचू नये, यासाठी तिला पगार मिळत असे. ती गावच्या नाट्यगृहाची प्रॉम्प्टर होती.

तिची बसायची जागा विंगेत नव्हती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, फळ्यांमध्ये एक चौकोनी खळगा होता आणि त्यावर प्रेक्षकांच्या बाजूने लाकडी टोप होता. गेशे खालून शिडीने चढून त्यात बसे. मान तेवढी फळ्यांच्या वर, तोंड नटांकडे, पाठ गावाकडे. या जागेला कागदोपत्री लांबलचक नाव होते; गाव तिला बीळ म्हणे. बिळात दिवा एक, उशी एक आणि चहाची किटली एक.

नाट्यगृहाची कीर्ती मोठी होती. किनाऱ्याच्या बोलीत नाटक करणारी रंगभूमी म्हटले की उत्तर जर्मनीत आधी विटेनझीलचे नाव निघे. रेडिओवर तिथले प्रयोग लागत, आणि रविवारी ब्रेमेनहून माणसे बस भरभरून येत. स्मरणिकेत लिहिले आहे की १९१९ साली शाळामास्तर आइलर्ट बोमगार्डेन यांनी 'कलेच्या तळमळीने' ही संस्था काढली. नगरपालिकेच्या दप्तरात मात्र त्याच महिन्याचा एक अर्ज आहे, त्यात आग विझवणाऱ्या पथकाला नवा पंप हवा म्हणून खेळ लावण्याची परवानगी मागितली आहे. तळमळ होती हे दोन्हींवरून दिसते. पहिले खेळ हेरिंग माशाच्या गोदामाच्या माळ्यावर झाले. आजही उन्हाळ्यात पहिल्या चार रांगांना त्याची आठवण नाकाने होते.

गेशेचा जन्म १९०८ चा. बाप जाळी विणणारा, आई लवकर गेलेली. वाढवले ते व्यूबके मावशीने, म्हणजे नाट्यगृहाच्या पहिल्या प्रॉम्प्टरने. शाळेत गेशे परीक्षेच्या वेळी अख्ख्या बाकाला उत्तरे पुरवी. बोमगार्डेन मास्तरांनी तिला एकदा पट्टीने फटकावले आणि त्याच संध्याकाळी व्यूबकेला जाऊन सांगितले की पोरगी कामाची आहे, मला तिचा तिसरा शब्द ऐकू येतो, पहिले दोन येत नाहीत. हा किस्सा स्वतः गेशेच सांगे. दुसरा साक्षीदार नाही. १९३० साली मावशीचे गुडघे शिडीला नको म्हणू लागले आणि भाची बिळात बसू लागली. लग्न झाले ते गाळ काढणाऱ्या बोटीवरच्या गेर्ड नावाच्या आचाऱ्याशी. तो बोलघेवडा होता. गोष्ट सांगता सांगता अडला की शेजारी विणकाम करत बसलेल्या बायकोकडून शब्द यायचा, आणि पाहुण्यांना तो गेर्डलाच सुचला असे वाटायचे.

नट कधी विसरणार हे तिला त्याच्याआधी कळे. विसरणारा माणूस आदल्या वाक्याला जरा जास्तच श्वास घेतो, असे तिचे म्हणणे. त्या जादा श्वासावर ती शब्द टाकी. तो नेमका जिभेवर पडे, आणि नट घरी जाऊन बायकोला सांगे की आज एकदाही अडखळलो नाही.

आता या रंगभूमीच्या एका रिवाजाबद्दल सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यातून घडले. नाटकाचे शेवटचे वाक्य पहिल्या प्रयोगाआधी उच्चारू नये, उच्चारले तर नाटक पडते, ही समजूत जर्मनीत बऱ्याच रंगमंचांवर आहे. विटेनझीलकरांनी ती जरा जास्तच मनावर घेतली. त्यांनी शेवटचे वाक्य नटाच्या नकलेत उतरवायचेच बंद केले. ते फक्त प्रॉम्प्टरच्या वहीत असे. तालमीत त्या जागी नट 'हेरिंग' म्हणे, सगळे टाळ्या वाजवत आणि चहाला जात. पहिल्या प्रयोगाच्या अर्धा तास आधी प्रॉम्प्टर नटाला कोपऱ्यात घेऊन कानात वाक्य सांगे. दिग्दर्शकानेही ते विचारायचे नसे. हा रिवाज कोणी पाडला याला लेखी पुरावा नाही. तोंडी पुरावे चार आहेत आणि चारही जण म्हणतात की आमच्या आजोबांनी.

१९५९ च्या वसंतात डॉक्टर फोल्कमार राइनवाल्ड हे नवे प्रमुख हानोवरहून आले. माणूस वाईट नव्हता. गावाची बोली त्यांनी पुस्तकातून शिकली होती, आणि ते ती इतकी शुद्ध बोलत की गावाला कळायला वेळ लागे. त्यांनी शहरांतली नवी नाट्यगृहे पाहिली होती. तिथे नटांची नक्कल पाठ असते आणि रंगमंचाच्या मध्यावर लाकडी टेंगूळ नसते. आल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गेशेला बोलावून सभ्यपणे सांगितले की चाळिसाव्या वर्षाच्या नाटकाचे पाच प्रयोग झाले की सुतार येऊन खळग्यावर फळ्या ठोकील. तिला काढणार नव्हते. प्रेक्षकांचे कोट सांभाळण्याच्या खिडकीत जागा रिकामी होती.

गेशेने चहाच्या पेल्यात चमचा उभा ठेवला. या किनाऱ्यावर त्याचा अर्थ 'पुरे' असा होतो, पण डॉक्टर हानोवरचे. त्यांनी पेला पुन्हा भरला.

बीळ गेले तर काय जाणार, हे तिने नवऱ्याला एकदाच सांगितले. कोटांच्या खिडकीत माणसे तिच्याशी बोलतील, तिला त्यांच्याशी बोलावे लागेल, आणि ती काय बोलली ते सगळ्यांना ऐकू येईल. एकोणतीस वर्षांनी हे शिकायची तिची तयारी नव्हती.

चाळिसाव्या वर्षासाठी डॉक्टरांनी संस्थापकाचेच पहिले नाटक निवडले: 'कप्तानाचा पेटारा'. १९१९ च्या नोव्हेंबरात चार प्रयोग झाले आणि नंतर ते कधी लागले नाही. कथा सोपी. म्हातारा कप्तान मरतो. घरात त्याचा कुलूपबंद पेटारा. तीन पुतणे त्यात काय असेल या आशेने विधवा काकूची तीन अंक सेवा करतात. शेवटी मीने नावाची मोलकरीण झाकण उघडते, आत वाकून बघते, एक वाक्य बोलते आणि पडदा पडतो. पेटाऱ्यात काय होते ते त्या एकाच वाक्यावरून कळायचे.

जाहिराती भिंतींवर लागल्यावर गेशेने कपाटातून मावशीच्या हातची जुनी वही काढली. नाटकाची ती एकमेव प्रत. शेवटचे पान उघडले. तिथे लिहिले होते: 'मीने (झाकण उघडते, आत बघते)'. त्यापुढे दोन टिंबे होती. टिंबांपुढे चहाच्या पेल्याचा गोल डाग होता. डागापुढे काही नव्हते.

मास्तरांनी हा रिवाज इतका कसोशीने पाळला होता की वाक्य कागदावर आणलेच नव्हते. ते त्यांनी व्यूबकेच्या कानात सांगितले असणार, व्यूबकेने मीनेच्या. मास्तर १९३४ साली गेले, मावशी १९४१ साली, आणि पहिली मीने लग्न करून अमेरिकेला. नाट्यगृहाच्या टंकलेखिकेने वहीवरून नकला काढल्या तेव्हा टिंबांपुढची कोरी जागा पाहून तिला काही वावगे वाटले नाही. प्रत्येक नाटकाच्या नकलेत ती असायचीच. नटांना वाटले नाही, डॉक्टरांना वाटले नाही. वाक्य हरवले आहे हे फक्त एका माणसाला ठाऊक होते, आणि त्याचा तर व्यवसायच ऐकू न जाण्याचा.

सांगावे तर नाटक बदलले जाणार. प्रॉम्प्टरच्या वहीतही वाक्य नसेल तर प्रॉम्प्टर हवीच कशाला, असे डॉक्टर म्हणणार, आणि सुतार पाच प्रयोगांची वाटसुद्धा पाहणार नाही. गेशे गप्प राहिली आणि साक्षीदार शोधायला निघाली. १९१९ साली ती स्वतः अकरा वर्षांची, रात्रीच्या खेळाला तिला नेत नसत; पण तो प्रयोग पाहिल्याचे सांगणारी पाच माणसे हयात होती.

हाबो फ्रेझे न्हावी म्हणाला की पेटाऱ्यात लाकडी पाय होता, मी पहिल्या रांगेत होतो, शपथेवर सांगतो. बंदराच्या नोंदवहीप्रमाणे हाबो त्या नोव्हेंबरात सुरुंग काढणाऱ्या जहाजावर, दोनशे मैल दूर होता. औषधवाल्याची विधवा आल्मुट डिर्क्सेना म्हणाली, पत्रे. रेशमी फितीने बांधलेली, आणि बायकोच्या अक्षरातली नव्हेत. हे सांगताना तिने दार लावून घेतले. बंदराच्या झडपा उघडबंद करणारा निवृत्त रेंके उब्बेन म्हणाला, दुसरा पेटारा. पाद्र्यांची अविवाहित बहीण फ्रॉइलाइन इडा हिच्या मते आत काहीच नव्हते आणि नाटकाचा बोधच तो होता. ज्या नाटकाला बोध नसे त्याला ती जात नसे.

सर्वांत भरवशाचा साक्षीदार ओक्को हार्म्स. तो तर रंगमंचावरच होता, थोरल्या पुतण्याच्या कामात. वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात तो खारवलेल्या हेरिंगचा काटा काढत बसला होता. त्याने बराच विचार केला.

"वाक्य नाही आठवत गं," तो म्हणाला. "मी पाठमोरा उभा होतो. पण ती बोलली आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. म्हणजे जे काय होतं ते माझंच होतं."

"तुला विचारावंसं नाही वाटलं, काय होतं ते?"

"चाळीस वर्षं वाटतंय. पण विचारायचं म्हणजे मला तेव्हा ऐकू आलं नाही हे कबूल करायचं."

पाच साक्षी, पाच पेटारे. गेशेने त्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने उतरवून घेतल्या. इतिहासकाराने याहून वेगळे काही केले नसते. फक्त त्याने पुढे त्यांतली एक खरी ठरवली असती.

तालमी सुरू झाल्या. मीनेचे काम थेडा पोपिंगा करत होती. टेलिफोन केंद्रातली तरतरीत मुलगी. ती रोज झाकण उघडून आत वाके, 'हेरिंग' म्हणे आणि चहाला जाई. डॉक्टर रोज थोडे अधिक अस्वस्थ होत. प्रकाश कसा टाकायचा, पडदा हळू पाडायचा की झपकन, हे पेटाऱ्यात काय आहे यावर अवलंबून, असे त्यांनी रंगीत तालमीच्या दिवशी बिळाशी उकिडवे बसून समजावले. गेशेने सहानुभूतीने ऐकले आणि विचारले की रिवाज मोडून उद्या नाटक पडले तर नगरपालिकेला कोण सांगणार. डॉक्टर उठले, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि सुताराला खळग्याचे माप घ्यायला सांगून गेले.

शनिवारी, पहिल्या प्रयोगाच्या अर्धा तास आधी, थेडा ठरल्याप्रमाणे कोपऱ्यात आली आणि कान पुढे केला. गेशेने सांगितले की आज कानात नाही, बिळातून मिळेल. थेडाने क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिले. एकीकडून ऐकायचे आणि अर्थात न शिरता दुसरीकडे जोडून द्यायचे, हे तिचे आठ तासांचे रोजचे काम होते. तिने खांदे उडवले.

"स्पष्ट बोल म्हणजे झालं, गेशे. लाईन खराब असली की मी तोडते."

तिसरा अंक शेवटाला आला. पेटारा मध्यावर, तिघे पुतणे भोवती, काकू खुर्चीत. तीनशे माणसे आणि रेडिओचा एक मायक्रोफोन वाट पाहत होते. थेडाने किल्ली फिरवली, झाकण उचलले, वाकली. वाकल्यावर तिचा कान बिळापासून हातभर अंतरावर आला. गेशेने तिन्ही पुतण्यांची वासलेली तोंडे पाहिली आणि फ्रॉइलाइन इडाची साक्ष निवडली. तिला शब्द मात्र स्वतःचे चढवले.

थेडा सावकाश सरळ झाली, एप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "काहीच नाही. म्हणजे तिघांत सारखं वाटता येईल."

पडदा पडला तरी हशा थांबेना. डॉक्टरांनी थेडाच्या दोन्ही हातांवर ओठ टेकवले. ते गेशेकडेही येणार होते, पण टोपाखालचा दिवा मालवलेला होता.

रविवारी सकाळी चर्चच्या दारात फ्रॉइलाइन इडा बोधाविषयी बोलत होती, आणि समोरच्या चौकात हाबो न्हावी बोलत होता. त्याचे म्हणणे, संस्थापकाचे नाटक भ्रष्ट केले. पाय कुठे गेला? दुपारपर्यंत गावात पायाचा पक्ष, पत्रांचा पक्ष आणि दुसऱ्या पेटाऱ्याचा पक्ष असे तट पडले. एकट्या इडाचा पक्ष जिंकला हे तिच्या नात्यातल्या माणसांनाही रुचले नव्हते. गेशेने हे सारे ईल विकत घेता घेता ऐकले. पाच साक्षी आणि पाच प्रयोग. चौघांवर अन्याय का?

रविवारी संध्याकाळी थेडा पेटाऱ्यात वाकली. पुन्हा वर आली तेव्हा तिचे डोळे किंचित मोठे झाले होते, पण लाईन तिने तोडली नाही.

"कप्तान गेले म्हणता? एक पाय तर इथंच आहे, आणि बूट अजून ओला आहे."

हाबो खुर्चीवर उभा राहिला. ज्यांनी शनिवारी नाटक पाहिले होते आणि जे रविवारी पाहुण्यांना घेऊन आले होते, ते पाहुण्यांना सांगू लागले की काल असे नव्हते. पाहुण्यांना ते पटेना. दारापाशी दोन साडू भांडले. सोमवारी नऊ वाजता तिकिटाच्या खिडकीवर रांग लागली, आणि रांगेतल्या निम्म्या माणसांनी नाटक आधी पाहिलेले होते.

डॉक्टर राइनवाल्ड मात्र रविवारीच, प्रेक्षागृह रिकामे व्हायच्या आत, शिडी चढून बिळात आले. जागा एका माणसाची. त्यामुळे त्यांना शिडीवरच थांबावे लागले आणि त्यांचे तोंड गेशेच्या कोपराशी आले. अशा ठिकाणाहून रागावणे सोपे नसते.

"टामेनबाई, यांतलं बोमगार्डेनांचं वाक्य कोणतं?"

"तुम्हाला कोणतं आवडलं?"

"आवडीचा प्रश्न नाही. उद्या सकाळी खरं वाक्य मला लिहून हवंय, शाईनं. मी ते थेडाला देईन, आणि उरलेले प्रयोग या बिळाशिवाय होतील."

गेशेने मांडीवरची वही शेवटच्या पानावर उघडली आणि दिवा त्यावर वळवला. डॉक्टरांनी टिंबे पाहिली. डाग पाहिला. त्यांनी पान उलटून पुठ्ठा पाहिला, तिथली पेन्सिलीची यादी वाचली, आणि पुन्हा डागाकडे आले. ते पदवीधर होते. कोरी जागा म्हणजे काय हे त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"म्हणजे ही कोरी जागा तुम्ही चाळीस वर्षं..."

"मी एकोणतीसच. आधीची अकरा मावशीला विचारा."

"मला फसवलंत तुम्ही."

"तुम्ही रोज विचारत होतात, डॉक्टर, की वाक्य काय आहे. वाक्य आहे का, असं कुणी विचारलंच नाही."

डॉक्टर शिडी उतरून गेले. गेशेने त्या रात्री नवऱ्याला सांगितले की झाले ते झाले, कोटांच्या खिडकीत निदान पाय गार पडणार नाहीत. सोमवारी सुतार फळ्या घेऊन आला. डॉक्टर तिकिटांची रांग पाहून आले होते; त्यांच्या सांगण्यावरून त्या त्याने तूर्त रंगमंचामागे रचल्या आणि तो निघून गेला. मंगळवारी आल्मुटबाईंची पत्रे निघाली, आणि औषधवाल्याच्या विधवेने तिसऱ्या रांगेत पंखा चेहऱ्यापुढे धरला. बुधवारी दुसरा पेटारा निघाला, त्याला दुसरेच कुलूप होते. गुरुवारी, पाचव्या आणि शेवटच्या ठरलेल्या प्रयोगाला, वृद्धाश्रमाच्या गाडीतून ओक्को हार्म्सला आणून पहिल्या रांगेत, चांगला कान रंगमंचाकडे करून बसवले होते. थेडा झाकणातून वर आली आणि नव्या थोरल्या पुतण्याकडे बघून म्हणाली, "थोरल्या दादांचे दुधाचे दात. या घराला त्यांनी दिलेलं तेवढंच." ओक्कोने मान डोलावली. म्हणाला, होय, हेच असणार. मला तेव्हाही कुठेतरी लागले होते.

प्रयोग आता संपले होते. तिकिटाच्या खिडकीवर मात्र आणखी बारा प्रयोगांची मागणी नोंदलेली होती, आणि प्रत्येक मागणीत एकच चौकशी: त्या दिवशी पेटाऱ्यात काय निघणार? हे सांगू शकणारी एकच बाई, आणि ती बसे तिथे ठोकायच्या फळ्या मागे रचलेल्या.

शुक्रवारी दुपारी गेशे आपली उशी आणि किटली न्यायला आली. रंगमंचावर कोणी नव्हते. ती बिळात बसून दिव्याची वायर गुंडाळत होती, तेव्हा वर पावले वाजली आणि टोपाच्या फटीतून एक घडी घातलेला कागद आत आला. कागदामागून डॉक्टरांचा आवाज आला, त्यांच्या मानाने फार हळू. जादा प्रयोग सोमवारपासून लावायचे होते, आणि त्यांना सहज एक कल्पना सुचली होती. बोमगार्डेनांच्या शैलीचा त्यांनी थोडा अभ्यास केला होता. सहावा साक्षीदार म्हणून नव्हे, पण बाईंनी एकदा नजर टाकायला हरकत नसावी.

गेशेने दिवा पुन्हा लावला. कागदावर फाउंटन पेनने लिहिलेले तीन ओळींचे वाक्य होते, त्यात दोन स्वल्पविराम आणि एक समुद्र होता. तिने ते ओठ न हलवता दोनदा वाचले आणि श्वास कुठे लागतो ते पाहिले.

"वाईट आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "पण सोमवारी दुपारी शाळेची पोरं असतात. त्यांच्यात खपून जाईल."

मग डॉक्टरांनी विचारले की सोमवारी समुद्र तरी ठेवता येईल का. गेशेने पेन्सिल घेऊन दोन्ही स्वल्पविराम खोडले, समुद्र ठेवला, आणि वायर पुन्हा खिळ्याला अडकवली.